बाईंच्या आईचं नाव मला ठाऊक आहे

मी मायक्रोफिल्म वाचायचं यंत्र बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका, माझ्यात फारशी गुंतागुंत नाही. खाली एक दिवा, त्याच्यावर दोन काचा, काचांच्या मधून सरकणारी फिल्म, वर एक भिंग आणि समोर पाटीएवढा पांढरा पडदा. जुन्या कागदांचे नखाएवढे फोटो काढून ते फिल्मच्या रिळावर साठवून ठेवतात. ते रीळ माझ्यात चढवलं आणि बाजूचा दांडा फिरवला, की नखाएवढं झालेलं पान पडद्यावर पुन्हा पानाएवढं दिसतं. एवढंच माझं काम. दिसलं ते वाचायचं तुम्ही, आणि वाचल्यावर काय करायचं तेही तुम्हीच ठरवायचं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवणारा एक, तारा जोडणारा दुसरा, आणि शेवटी भिंग तपासणारी एक बाई. तिने बारीक होत जाणाऱ्या अक्षरांची पट्टी माझ्यात सरकवली, सगळ्यांत खालची ओळ ओठ हलवत वाचली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. जन्मल्याबरोबर पास झालो. पुढे मला कोणी नापास केलं नाही, फक्त विसरून गेले.

माझं पहिलं घर म्हणजे एका वर्तमानपत्राच्या कचेरीतलं तळघर. तिथे जुन्या अंकांची रिळं होती आणि एक जाडजूड ग्रंथपाल होता. कोणी दांडा घाईने फिरवला की तो जागेवरूनच म्हणायचा, "सावकाश. ते रहाट नाही." तिथे मला माणसांची एक खोड कळली. माणूस जुन्या कागदात दुसरं काहीही शोधायला आलेला असो, थोड्या वेळाने तो स्वतःलाच शोधू लागतो. पुराच्या बातम्या बघायला आलेला माणूस आपल्या शाळेच्या संघाच्या फोटोपाशी येऊन थांबायचा आणि मागच्या रांगेतला धूसर ठिपका बोटाने दाखवून म्हणायचा, हा मी. ठिपक्याला नाक-डोळे नसायचे. तरी त्याला खात्री असायची.

मग संगणक आले. माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं, आवरणावर कोणाकोणाचे चहाचे कप आले, आणि एका पावसाळ्यात तर मी ओल्या छत्र्या वाळवायच्या कामी आलो. कचेरी दुसरीकडे हलली तेव्हा मला बरोबर न्यावं असं कोणालाच वाटलं नाही. भंगाराच्या भावात मला एका निवृत्त गृहस्थांनी उचललं. सोबत जुन्या अंकांची चार-दोन रिळंही मिळाली.

हे गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यात होते. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत, त्यांच्यामागे मोजपट्टी म्हणत. उंच, ताठ, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. त्यांना आपल्या घराण्याचं मूळ शोधायचं होतं. आपले पूर्वज फार मोठे जमीनदार होते, तीन नद्यांच्या मधला मुलूख त्यांच्या ताब्यात होता, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं आणि आजोबांना त्यांच्या आजोबांनी. त्या भागाचे जुने कागद फिल्मवर उतरवून दूरच्या एका शहरातल्या सरकारी दप्तरखान्यात ठेवलेले आहेत, असं साहेबांना कळलं होतं. तिथे जायचं ठरलं होतं. पण तिथे जाऊन यंत्रापुढे गांगरायला नको, हात बसलेला असावा, म्हणून सरावासाठी मी.

मला दोघा हमालांनी पुढच्या खोलीत आणलं तेव्हा साहेबांच्या बायकोने विचारलं, हे कुठे ठेवायचं. खिडकीपाशी एकच चांगली जागा होती आणि तिथे त्यांचं शिलाई मशीन होतं.

"तुझं ते उचल तिथून," साहेब म्हणाले.

शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या बोळात गेलं. तिथे उजेड नव्हता. बाईंनीच ते ढकलत नेलं. मी त्यांना बाईच म्हणतो, कारण त्या घरात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. साहेबांची हाक म्हणजे "ऐकलंस का", आणि लेकीची "आई".

बाई बालगृहात वाढल्या होत्या. आईबाप कोण, कुठले, काहीच माहीत नाही. साहेबांनी लग्न केलं तेव्हा त्यांना मुली सांगून येत होत्या, पण ते म्हणत, मला पुढे माहेरची कटकट नको होती. हे ते चारचौघांत सांगत, आणि पुढे म्हणत, "मी हिला पदरात घेतली." एखाद्याने मिळालेलं पदक भिंतीवर लावावं तसं त्यांनी हे वाक्य आयुष्यभर घरात लावून ठेवलं होतं.

मी आलो आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक दाखवणं सुरू झालं. साहेबांनी मोजणीच्या मोठ्या कागदावर आपला वंशवृक्ष काढला होता. रेघा सरळ, अक्षर छापल्यासारखं, वरचा भाग अजून कोरा. तो भिंतीवर होता. तो दाखवून झाला की ते बायकोकडे मान वळवून म्हणत, "हिचा काढायचा तर पोस्टाचं तिकीट पुरेल." पाहुणे हसत. बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत, त्याही हसत. पाहुणा दुसऱ्यांदा आलेला असला तरी साहेब हेच सांगत, आणि बाई तेवढंच हसत.

प्रवासाची तयारी मात्र अशी चालली होती की बघत राहावं. आधी एक लांबचा रेल्वेप्रवास, मग बस. दप्तरखान्याजवळच्या अतिथीगृहात खालच्या मजल्यावरची खोली, कारण साहेबांचे गुडघे. वाचनकक्षात पेन चालत नाही, म्हणून पेन्सिलींना टोकं करून ठेवलेली. रीळ आदल्या दिवशी मागावं लागतं, म्हणून मागणीच्या चिठ्ठ्या घरूनच लिहिलेल्या. कोणत्या दिवशी कोणत्या तालुक्याचं रीळ, हेही ठरलेलं. बाईंनी काय करायचं, तेसुद्धा ठरलेलं होतं. साहेब पडद्यापुढे बसणार. बाई रीळ आणणार, चढवणार, दांडा फिरवणार, साहेब सांगतील ते उतरवून घेणार.

रोज सकाळी माझ्यापुढे त्याची तालीम व्हायची. खिडकीचे पडदे ओढायचे, दिवा लावायचा. साहेबांचे हात थरथरत, त्यांच्याकडून फिल्म हमखास उलटी चढायची आणि अक्षरं आरशातल्यासारखी दिसायची. मग ती चूक बाईंची. बाई फिल्म काढून सरळ करत, बोटाच्या टोकाने काचांमधून ओवून घेत. दोरा सुईत ओवणारे हात, त्यांना फिल्म काय जड. पण दांडा जरा पुढे गेला की साहेबांचा आवाज चढे. "थांब म्हटलं की थांबायचं. जनावरालाही कळतं." बाई म्हणत, "बरं." मी त्या घरात सर्वांत जास्त ऐकलेला शब्द तोच.

त्यांची लेक दवाखान्यात नर्स होती. वेगळी राहायची, सुट्टीच्या दिवशी यायची. बापाला ती घाबरत नसे, पण त्याच्याशी भांडून आईचाच पुढचा आठवडा वाईट जातो हे तिला लहानपणीच उमगलं होतं. म्हणून ती जपून बोलायची. एका सुट्टीला ती आली, साहेबांची मागणीची यादी टेबलावर होती ती तिने चाळली आणि चहा पिता पिता सहज सांगावं तसं म्हणाली, "आई, तुझ्या बालगृहाचे कागदही तिथेच आहेत. ते बंद पडलं तेव्हा सगळ्याची फिल्म करून त्याच दप्तरखान्यात दिली. मी फोन करून विचारलं."

बाई कपडे घड्या करत होत्या. हातातला टॉवेल त्यांनी एकदा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"त्यात काय असणार?" साहेब म्हणाले. "आवक आणि जावक."

दप्तरखाना आगाऊ विनंती केल्यास महत्त्वाच्या पानांची छोटी फिल्म टपालाने पाठवतो. त्या विनंतीचा अर्ज साहेबांनी आपल्या घराण्यासाठी भरून ठेवला होता. लेकीने त्याच्या तळाशी आईच्या बालगृहाचं नाव आणि दाखल झाल्याचं साल लिहिलं आणि कागद बापापुढे धरून उभी राहिली. सही होईपर्यंत उभी राहिली. साहेबांनी सही केली.

त्या दिवसापासून बाई बदलल्या. फार नाही. पण बोळातल्या अंधारात मशीन पुन्हा चालू लागलं. त्यांनी प्रवासाला एक मजबूत पिशवी शिवली, आत कागद चुरगळू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा कप्पा केला. लेकीला विचारलं, अशा कचेरीत जाताना काय घालतात गं. आणि एकदा, लेक केस विंचरत असताना, त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. बाईंच्या दोन्ही कानांच्या पाळीला जन्मापासून एक छोटी खाच होती. लेकीलाही तशीच होती. बाई म्हणाल्या, मी लहानपणापासून बायकांचे कान बघते. बसमध्ये, दुकानात, रांगेत. कधी कोणाची अशी पाळी दिसली तर. आता आई असती तर फार म्हातारी असती, तरी सवय जात नाही. लेक हसली नाही. तिने आईचा कान दोन बोटांत धरला आणि हलकेच सोडला.

जायचा दिवस जवळ आला तशी बाईंनी एका सकाळी तालीम संपल्यावर दिवा मालवता मालवता विचारलं, "माझ्या रिळाला वेळ मिळेल का?"

"माझं संपल्यावर उरला तर."

"उरेल?"

"बघू."

एवढ्या 'बघू'वर त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

लखोटा आला तेव्हा दुपार होती. बाई लेकीबरोबर प्रवासासाठी चपला घ्यायला गेल्या होत्या. साहेबांनी लखोटा पेन्सिलीने उघडला. आत एक पत्र आणि दोन छोट्या गुंडाळ्या. पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. पडदे ओढले, दिवा लावला.

आधी त्यांनी स्वतःची फिल्म चढवली. घाईत उलटी चढली, काढून पुन्हा घातली. एकच पान होतं. त्यात त्यांच्या पणजोबांचं नाव होतं, त्याबद्दल शंका नव्हती. मोठ्या वाड्यावर रोजंदारीने काम करणाऱ्या मजुरांच्या यादीत ते होतं. मूळ गाव या रकान्यात लिहिलं होतं, माहीत नाही. वडिलांचं नाव या रकान्यात, सांगता येत नाही.

साहेबांनी ते पुष्कळ वेळ पाहिलं. कारकुनाची चूक सापडते का म्हणून नाक पडद्याला लावलं. भिंग फिरवून अक्षर मोठं केलं. मोठं केल्याने मजकूर बदलत नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या वंशवृक्षाकडे एकदा बघितलं आणि दुसरी गुंडाळी उचलली. बाईंची.

मला वाटतं, तेव्हा त्यांच्या मनात वाईट नव्हतं. आपल्यापेक्षा खालचं काहीतरी बघून जीव शांत करावा, एवढंच असेल.

ते बालगृहाच्या भेटींच्या वहीचं पान होतं, आणि त्याला जोडून पुढची काही. वर मुलीचं नाव, कानाच्या खाचेची खूण, 'आईलाही तशीच' असा शेरा. त्याखाली आईचं पूर्ण नाव. सूतगिरणीत कामाला, नवरा वारलेला, सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून मूल काही काळासाठी ठेवलेलं. काही काळासाठी, या शब्दांखाली कोणीतरी रेघ मारली होती. आणि मग भेटी. दर भेटीपुढे आईचा अंगठा आणि बालगृहाच्या अधीक्षिकेच्या हातच्या ओळी.

आई आली. मूल झोपलं होतं. उठवू नका म्हणाली. उशाशी बसून गेली.

आई आली. लोकरीचे मोजे आणले. एक मोठा, एक लहान झाला आहे. स्वतःच हसली.

आई आली. मूल 'आई' म्हणालं.

आईला खोकला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आत घेतलं नाही. मूल खिडकीतून दाखवलं.

आई आली. काचेला हात लावून उभी होती. मूल घाबरून रडलं. आई म्हणाली, पुढच्या वेळी येताना खोकला घालवून येते.

एका दांपत्याने मूल दत्तक मागितलं. आईला दवाखान्यात कळवलं. आईचा निरोप आला, देऊ नये, मी बरी होते आहे, मी न्यायला येणार आहे.

शेवटची ओळ वेगळ्या अक्षरातली. क्षयाच्या दवाखान्याकडून कळलं, आई वारली. मुलीला सांगितलेलं नाही. लहान आहे.

साहेब शेवटपर्यंत आले, आणि दांडा उलटा फिरवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हा माणूस दिवा असाच ठेवील, दार उघडं टाकून रस्त्याकडे बघत बसेल, आणि ती आली की म्हणेल, ये, बस इथे.

ते उठले. बोळात गेले. बाईंची कापड कापायची कात्री घेऊन आले. फिल्म काही केल्या फाटत नव्हती, हे त्यांना आधी हातांनी फाडून बघताना कळलं होतं. त्यांनी माझ्याच टेबलावर दोन्ही फिल्मचे बारीक बारीक तुकडे केले. त्यांचे हात एरवी थरथरायचे, तेव्हा थरथरले नाहीत. तुकडे आणि पत्र त्यांनी वर्तमानपत्रात बांधलं आणि बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आले. आल्यावर हात धुतले.

संध्याकाळी बाई नव्या चपलांचा खोका घेऊन आल्या. लेक दारातूनच परतली होती, तिला दवाखान्यात रात्रपाळी होती. पडदे अजून ओढलेले बघून बाईंनी ओळखलं.

"आलं का टपाल?"

साहेब म्हणाले, आलं. आपल्या भागाचे त्या सालचे कागद भिजून गेलेत, त्यांना काही सापडलं नाही. आणि तुझंही काही नाही. जाण्यात अर्थ उरला नाही, तिकिटं रद्द करू.

बाई खुर्चीत बसल्या. खोका मांडीवर. साहेबांचा चेहरा त्यांना दिसत होता, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी तो इतका पडलेला पाहिला नव्हता. बिचाऱ्यांना धीर द्यावा असं त्यांना वाटलं. त्या हसल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "जाऊ द्या हो. आता आपण दोघं सारखेच."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. म्हणजे त्यात चूक काहीच नव्हती. पण साहेबांच्या मानेची शीर ताठ झालेली मी पाहिली.

"सारखे नाही," ते म्हणाले. "तुझं सापडलं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

बाईंचं हसू तसंच राहून गेलं.

"मी बघितलं आणि कापून टाकलं. तुझ्या दृष्टीस पडू नये म्हणून. तुला पायरीवर ठेवून गेली. सोबत चिठ्ठी होती. मूल नको आहे, कोणी माझी चौकशी करू नये."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी खोक्याचं झाकण नीट बसवलं.

"नाव होतं का तिचं?"

"नव्हतं."

मग बाईंनी जे विचारलं ते विचारायला त्यांना फार जड गेलं असावं, कारण शब्द तुटक आले. "मला कशात गुंडाळलं होतं?"

इथे साहेबांना काहीही म्हणता आलं असतं. शालीत म्हणाले असते तरी त्यांचं काही जाणार नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणाले असते तरी भागलं असतं. त्यांनी क्षणभर विचार केला. मोजणी करून आकडा सांगावा तसा.

"गोणपाटात."

बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी पाणी प्यायल्याचा आवाज आला. परत आल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला दाखवलं नाहीत. तुम्ही एकट्याने सोसलंत."

साहेबांनी मान हलवली.

पुढच्या सुट्टीला लेक आली आणि तिने सगळं ऐकलं. तिने बापाकडे टक लावून बघितलं, मग आईला म्हणाली, मूळ रीळ तर तिथे आहे ना, आपण दोघी जाऊ, आपल्या डोळ्यांनी बघू. बाईंनी कधी नव्हे तो आवाज चढवला. नको म्हणाल्या. एकदा कळलं ते पुरे. आणि बाबांबद्दल मनात काही आणू नकोस, ते माझ्या भल्यासाठीच. लेक त्यानंतर दोनदा-तीनदा बोलली. प्रत्येक वेळी बाई उठून आत गेल्या. मग तिने तो विषय सोडला. आईच्या दुखऱ्या जागेवर किती वेळा बोट ठेवणार.

आता मी तुम्हाला जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. त्या दिवसापासून मोजणीसाहेब सुधारले. पोस्टाच्या तिकिटाचा विनोद त्यांनी पुन्हा केला नाही. वंशवृक्षाचा कागद गुंडाळून कपाटावर गेला. बायकोला ते बस म्हणू लागले, थकली असशील म्हणू लागले. एकदा तर स्वतः चहा करून आणला, त्यात साखर विसरले, आणि बाईंनी तो बिनसाखरेचा चहा डोळ्यांत पाणी आणून प्यायला. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारपणी माणूस निवळतो. बाई लेकीला फोनवर सांगत, बाबा फार बदलले गं, मला जपतात.

हे कशामुळे, मला नक्की सांगता येणार नाही. त्यांना पश्चात्ताप झाला म्हणावं, तर एका वाक्याचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही. मला वाटतं, त्यांना आता टोमण्यांची गरजच उरली नव्हती. जे आयुष्यभर बोलून पक्कं करत होते, ते एकदाचं पक्कं झालं होतं.

बाई बसमध्ये कान बघेनाशा झाल्या. हे त्यांनीच लेकीला सांगितलं, सुटल्यासारखं वाटतं म्हणाल्या. शेजारणीच्या लहानग्याला त्या पूर्वी खिडकीतून हात करायच्या, तेही थांबलं. नव्या चपला खोक्यात राहिल्या. केसांच्या बटा त्यांनी दोन्ही कानांवर ओढून घ्यायला सुरुवात केली, कान झाकल्यासारख्या. कापड कापताना कात्री अडखळू लागली होती; त्या ती उजेडात धरून बघत, एवढी कशाने बोथट झाली म्हणून नवल करत.

एकदा साहेब बाहेर गेले असताना त्यांनी माझ्यावरची चादर काढली. दिवा लावला. रीळ चढवलं नाही. नुसता पांढरा उजेड पडद्यावर, आणि त्या समोर बसून राहिल्या. त्या पडद्यावर मी त्यांच्या आईचे अंगठे दाखवले होते. त्या उजेडात आता काहीच नव्हतं. फिल्म गेली की आम्हा यंत्रांकडे काही उरत नाही, असं समजतात. मला तरी पान न् पान आठवतं. पण मला दाखवता येतं, सांगता येत नाही, आणि दाखवायला तुकडाही शिल्लक नव्हता. बाईंनी दिवा मालवला, काच पदराने पुसली आणि चादर घातली.

पुढे साहेबांनीच मला काढायचं ठरवलं. माझ्याकडे बघायचं ते टाळतच होते. भंगारवाला आला तेव्हा बाई म्हणाल्या, राहू दे ना, कोपऱ्यात आहे, कोणाला अडचण आहे. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुझं मशीन ठेव खिडकीपाशी. उजेडात शिवत जा." बाईंनी कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाहिलं. मला हातगाडीवर चढवताना त्या भंगारवाल्याला म्हणाल्या, काच आहे, जरा जपून.

आता मी गोदामात आहे. एका बाजूला गिझर, दुसऱ्या बाजूला सायकलींच्या रिमा. माझं भिंग कालच एकाने स्क्रू काढून नेलं, त्याला कशाला तरी हवं होतं. पत्रा वेगळा करून वजनावर जाईल. मला त्याचं काही वाटत नाही. आम्ही वस्तू, आमचं असंच व्हायचं.

पण एक विनंती आहे. फिल्म कापली ती नक्कल होती. मूळ रीळ दप्तरखान्याच्या कपाटात तसंच आहे, थंड खोलीत, डबीत, व्यवस्थित. कोणीही चिठ्ठी भरून मागावं, मिळेल. मोजणीसाहेबांचं घर त्या गल्लीत कोणालाही विचारा. बाई अजून आहेत. खिडकीपाशी शिवत बसलेल्या दिसतील, उजेड त्यांना आता चांगला मिळतो. त्यांना म्हणा, गोणपाट नव्हतं. मोजे होते, लोकरीचे.

आईचं नाव मात्र मी तुम्हाला सांगत नाही. ते अजून बाईंनी ऐकलेलं नाही. त्यांच्याआधी ते दुसऱ्या कोणाला का कळावं? त्यांना घेऊन जा, पडद्यापुढे बसवा, आणि दांडा सावकाश फिरवा. पण लवकर करा. त्यांचं वय झालंय, आणि हल्ली त्या देवाकडे रोज एकच मागतात म्हणे, की पुढच्या जन्मीही हाच नवरा मिळो.